पूर्वेस ओढा

फॉर्मची शेवटची तारीख शनिवार.
मेजर विषय कोणता, त्यापुढे
एक रिकामी चौकट, माझ्या नखाएवढी.

लॉला कुठलाही चालतो,
असं कोर्टाच्या आवारात सगळेच सांगतात.
खिलारे मॅडम फाईल काखेत मारून म्हणाल्या,
पॉलिटिकल सायन्स घे, घटना सोपी जाईल.
त्यांचा ज्युनियर म्हणाला, इकॉनॉमिक्स.
पैसा कंपन्यांत आहे, इथे नुसती धूळ.
झेरॉक्सवाला म्हणाला, टक्के कशात पडतात ते बघ,
सीईटीत विषय कोण विचारतंय.
आणि हडपसरहून आत्या, फोनवर:
तर्कशास्त्र घे की. वाद घालायची सवय आहेच तुला.

कुठलाही चालतो.
हे वाक्य मी आठवडाभर खिशात घेऊन फिरले,
डेक्कनच्या स्टॉपवर, लायब्ररीत,
कँटीनच्या गार होत गेलेल्या चहासमोर.
कुठलाही चालतो म्हणजे
कुठलाच माझ्यासाठी थांबलेला नाही.

पप्पा शिवाजीनगर कोर्टाबाहेर टायपिंग करतात.
पत्र्याखाली टेबल, त्याचा एक पाय विटेवर,
चोवीस वर्षं.
आधी मशीन होतं, आता कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर,
पण बोटं तशीच आपटतात,
जणू कागदाला कमी ऐकू येतं.
सुट्टीत मी त्यांना मजकूर वाचून दाखवते.
लिहून देणार, लिहून घेणार,
सदरहू मिळकतीची चतुःसीमा येणेप्रमाणे.
या भाषेत कुणाला ताप येत नाही,
कुणी अर्ध्यात रडत नाही,
म्हणून मला ती आवडायची.

गुरुवारी मांजरीचे गेनबा उंद्रे आले.
दुधाच्या पिशवीतून खत काढलं,
घड्यांवर फाटलेलं, चिकटपट्टी लावून जोडलेलं.
मी वाचत गेले:
पश्चिमेस शिवरस्ता. उत्तरेस धर्माजी उंद्रे यांचे शेत.
दक्षिणेस गावठाण. पूर्वेस ओढा.

"ओढा कुठाय आता?" पप्पांनी विचारलं.
"तेच तर भांडण हाय.
पाइपात घातला, वर पार्किंग केलं.
सोसायटी म्हणती, ओढा नव्हताच कधी.
मग माझं शेत संपतं कुठं, ते सांगा."

पप्पांची बोटं थांबली.
कळांवर थांबलेली ती बोटं
मी पहिल्यांदा पाहिली.

गेनबांनी चहात बोट बुडवून
टेबलावर रेघ ओढली.
हितं जांभूळ. हितं बाया धुणं धुवायच्या.
आन् हितनं असा वळायचा, माझ्या बांधाला घासून.
"दरसाल त्यांच्या तळघरात पाणी भरतंय.
ओढ्याला कुठं ठाऊक, आपल्याला बुजवलाय!"
पप्पा म्हणाले, कागद उचल, कागद भिजेल.
मी कागद उचलला.
ओढा हळूहळू वाळला, टेबलावरच.

पप्पांनी मग टाइप केलं: पूर्वेस ओढा.
खतात आहे तेच, शब्दाला शब्द.
दुसरं करणार काय.

शनिवारी खिडकीतल्या क्लार्कबाईंनी
चष्म्यावरून पाहिलं.
"भूगोल? तू तर वकिलीला जाणार होतीस ना?"
जाणार आहे, मी म्हटलं.
"मग?"
मागे रांग होती. मी नुसतीच सही केली.

पप्पा थोडे नाराज आहेत.
म्हणतात, नकाशे काढण्यात वेळ जातो,
आणि जज काही नकाशावर भाळत नाही.
असेलही. खिलारे मॅडमही हसल्या.
मी अप्पा बळवंत चौकातून
ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणली,
दोन निळ्या पेन्सिली,
आणि घरी फरशीवर बसून
गेनबांच्या शेताचा चौकोन काढला.
उजवीकडे, जिथे पूर्व असते,
एक वाकडी रेघ ओढली.

दोनदा खोडली.
वळण चुकत होतं.